लेक म्हणते लष्करी इतिहासकार होणार: लिहिणं, बोलणं आणि पोटापाण्याचं काय?

मासुंदाकाठ
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही नौपाड्यात राहतो. लेक इतिहास घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात खेडजवळ आमच्या गावी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी फडक्यात बांधलेलं चांदीचं पदक निघालं, पार काळवंडलेलं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. सासऱ्यांना इतकंच ठाऊक होतं की त्यांचे आजोबा ‘बसऱ्याला’ गेले होते. लेकीने ते पदक ठाण्याला आणून एका घड्याळजीकडे नेलं आणि त्याच्या भिंगाखाली पदकाची कड धरली. कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती: ११४ मराठाज.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नाही. युद्धांचा इतिहास शिकायचा, त्यावर लिहायचं आणि मराठीतून ध्वनिमालिका करायची, असं तिने ठरवलंय. हे विचारतात, पगार कोण देणार? मला वेगळाच प्रश्न पडलाय. जिने कधी गणवेश घातला नाही तिने रणांगणाबद्दल बोलावं का? असं काम करणारी माणसं पोट कशी भरतात? कुणी या वाटेने गेलं असेल तर मनापासून सांगा.

कळवेकर
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

घोडबंदर_रोड
ताई, आधी एक कळकळीची विनंती. ते पदक ब्रासोने घासू नका. चांदी झिजते आणि सगळ्यात आधी कडेवरची अक्षरं जातात. माझ्या आजोळच्या पदकाचं तसंच झालं. आता ते आरशासारखं चमकतं आणि कुणाचं होतं ते काही कळत नाही.

मासुंदाकाठ
बरं झालं सांगितलंत! सासूबाई चिंच-मीठ घेऊन बसल्याच होत्या. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं.

खारघरचा_नाविक
मी नौदलातून निवृत्त, आता ७४ वर्षांचा आहे. जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आजकाल जो उठतो तो युद्धावर बोलतो. इंजिन रूममधली उष्णता माहीत नाही, पहाऱ्याची रात्र माहीत नाही. १९७१ च्या डिसेंबरात मी मुंबईच्या गोदीत होतो, जेमतेम वीस वर्षांचा. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानच्या खैबर आणि मुहाफिज या युद्धनौका बुडाल्या. त्या बोटी रशियाने मुळात स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवलेल्या, पल्ला कमी. त्यांना इतक्या लांब नेऊन वापरायचं ज्यांनी ठरवलं त्यांचं धाडस आणि हिशेब दोन्ही समजायला पाण्यावर राहिलेलं असावं लागतं. मुलीने हौसेने वाचावं, लिहावं. पण इतिहासकार म्हणवून घ्यायचं तर आधी सेवा केलेली असावी, असं माझं मत.

पारसिक_हिल
काका, तुमच्या सेवेबद्दल आदर आहेच, पण या मुद्द्यावर मी असहमत.

ज्या इंग्रज इतिहासकाराने गेल्या पन्नास वर्षांत युद्धाचा इतिहास लिहायची रीत पालटली, त्या जॉन कीगनला लहानपणी हाडांचा क्षय झाला होता. त्यामुळे तो सैन्यात जाऊच शकला नाही. १९६० पासून त्याने सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना इतिहास शिकवला. १९७६ साली आलेल्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवातच ‘मी कधी लढाईत नव्हतो’ या कबुलीने आहे. आणि म्हणूनच त्याने ते प्रश्न विचारले जे सैनिकाला विचारावेसे वाटत नाहीत, कारण सैनिकाला ते अंगवळणी पडलेले असतात. अॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम या तीन लढायांत रांगेतल्या माणसाला प्रत्यक्ष काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, तो पळून का गेला नाही, जखमींचं काय झालं. त्याआधी बहुतेक लढाया सेनापतीच्या नकाशावरून लिहिल्या जात. पुढे १९८६ पासून तो लंडनच्या एका मोठ्या दैनिकात संरक्षणविषयक लिहू लागला आणि १९९८ साली बीबीसीची रीथ व्याख्यानं त्याने दिली. शिकवणं, पुस्तकं, वर्तमानपत्र, रेडिओ. ताईंच्या लेकीला हवा तोच प्रवास.

गणवेश घातलेलीही माणसं यात आहेत, ते मान्य. रिचर्ड होम्स हा प्राध्यापक तर होताच, शिवाय टेरिटोरियल आर्मीत ब्रिगेडियरपर्यंत चढला, आणि बीबीसीवर जुनी रणांगणं पायी हिंडत त्याने लढाया समजावल्या. कॅनडाचा ग्विन डायर तीन देशांच्या नौदलांच्या राखीव दलांत होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीएचडी केली, सँडहर्स्टला शिकवलं, मग ते सोडून स्तंभलेखन आणि प्रसारण. १९८३ साली त्याने युद्ध या विषयावर दूरचित्रवाणी मालिका केली आणि तिच्या एका भागाला ऑस्करचं नामांकन मिळालं. म्हणजे दोन्ही दारांनी आत जाता येतं.

खारघरचा_नाविक
वाचलं. ‘जखमींचं काय झालं’ हा प्रश्न बरोबर आहे. तो फारसं कुणी विचारत नाही हे खरं.

मोडीवेडा
वर कळवेकरांनी रुमाल टाकलाय, त्यावरून आठवलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद ज्या कापडी गाठोड्यांत बांधून ठेवलेत त्यांनाही रुमालच म्हणतात. त्यामुळे ताईंच्या लेकीला आयुष्यभर रुमाल उघडत बसायचंय, हे पक्कं!

आता कामाचं. मराठ्यांच्या लढायांवर काम करायचं असेल तर मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं लागतात, पण सरावलेल्या कारकुनाचा धावता हात वाचायला दोन-तीन वर्षं जातात. मी स्वतः ठाण्याहून पहाटेची गाडी धरून पुण्याला जायचो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एका ओळीतला एक शब्द लागला, ‘वैरण’. बाहेर येऊन चहा प्यायलो, तो चहा अजून आठवतो.

आणि ही वैरणच महत्त्वाची. लढाई दोन-चार तासांची असते, तिच्या मागे महिनोन् महिन्यांचा खर्च असतो. बैलांचा दाणा, दारूगोळ्याची ने-आण, शिलेदाराला स्वतःच्या घोड्याचे पैसे किती, बारगिराला सरकारी घोडा दिला तर किती, कुणाचा रोजमुरा थकला. फौज का थांबली, का फुटली, याची उत्तरं बहुधा पोवाड्यात सापडत नाहीत, हिशेबाच्या फर्दात सापडतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला त्यात पानिपतच्या सुमाराची पत्रं आहेत. ती वाचा. पैसा नाही, धान्य नाही, हे त्यांत वारंवार येतं. घरोघर हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून कागद मिळवून राजवाड्यांनी ते काम केलं. तुमच्या ट्रंकेतलं पदक त्याच जातीचं साधन आहे.

मुंबईच्या कागदांसाठी पुण्यालाही जायला नको. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार तिथे बसून वाचता येतो. ठाण्याहून सीएसएमटी, पुढे पायी.

ऐरोलीचा_मास्तर
पैशाचं कुणी बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे एमए करता येतं, किंवा इतिहासातच एमए करून विषय लष्करी घ्यायचा. मी दुसरं सुचवेन, कारण कागद वाचायचं शिक्षण इतिहासात जास्त पक्कं होतं. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. नेटला संरक्षण व सामरिक अभ्यास हाही वेगळा विषय आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. पीएचडीची पहिली वर्षं त्यावर निघतात. जेआरएफ नाही मिळाली तर कठीण आहे, ते लपवत नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि तासिका तत्त्वावर घर चालत नाही. मी स्वतः सात वर्षं तासिकेवर काढली आहेत, बायकोच्या पगारावर.

दिल्लीत युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे, १८७० साली सिमल्यात सुरू झालेली. तिथे लष्करी इतिहासाचं स्वतंत्र केंद्र आहे. संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग अधिकृत युद्धेतिहास तयार करतो. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केलं, की दलांनी आपली दफ्तरं इतिहास विभागाकडे द्यावीत, युद्धाचा अधिकृत इतिहास साधारण पाच वर्षांत लिहून व्हावा आणि दफ्तरं साधारण २५ वर्षांनी खुली व्हावीत. मला यात तुमच्या मुलीच्या पिढीसाठी मोठी संधी दिसते. आमच्या वेळी १९६२ वर काही करायचं म्हटलं की त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल गोपनीय, या भिंतीवर डोकं आपटायचं. तो आजही गोपनीयच आहे. पण बाकी दारं किलकिली होतायत.

तुमच्या यजमानांना सांगा: पगार एक जण देणार नाही, तिघं-चौघं मिळून देतील. शिकवणं, लेखन, भाषणं, भाषांतर. पंचविशीत हे जमवायला सुरुवात केली तर पस्तिशीत नीट बसतं. तोवर घराने छप्पर द्यायचं. माझ्या मते हे देण्यासारखं आहे.

आवाजी
ध्वनिमालिकेबद्दल मी लिहिते. मी काही वर्षं आकाशवाणीसाठी संहिता लिहिल्या, आता स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करते, वाशीत.

लिहिणारी माणसं बोलायला बसली की पहिली चूक एकच करतात, लेख वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. तो ठाणे-वाशी गाडीत उभा आहे, घणसोलीला धक्का बसतो आणि तुमचं वाक्य हातातून जातं. म्हणून वाक्य आखूड ठेवायचं. माणसाचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं, नुसतं ‘तो’ म्हणायचं नाही. दिशा सांगताना ‘ईशान्येला’ म्हणण्यापेक्षा ‘नदी उजव्या हाताला ठेवून’ म्हणायचं. आकडे एका मिनिटात दोनपेक्षा जास्त नकोत. माझ्या वेगाने मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांत हजारभर शब्द. दोन वर्षांच्या अभ्यासातलं काय ठेवायचं, हे तिथे कळतं. सोडून द्यायला फार जीव लागतो.

आता एक दुखणं. एका वाहिनीसाठी मी किल्ल्यांवरच्या चित्रफितींचं लेखन करत होते. एका वेढ्याची संहिता दिली. त्यात शिबंदी काही शेकड्यांची होती, कागदात जशी होती तशी. चित्रफीत आली तेव्हा शेकड्यांचे हजार झाले होते आणि मागे तलवारींचा खणखणाट. विचारलं तर म्हणाले, मॅडम, एवढ्याशा आकड्याला कुणी थांबत नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. ती मूठभर माणसं तेवढीच होती म्हणून त्यांचं टिकून राहणं मोठं होतं. हजार करून त्यांचा पराक्रमच पुसून टाकला. मी ते काम सोडलं. पैसे चांगले होते.

घोडबंदर_रोड
आवाजी, तुमचं दुःख पोचलं. पण थोडी दुसरी बाजू मांडू? माझा पुतण्या पुस्तकाला हात लावत नव्हता. असल्याच खणखणाटी चित्रफिती बघून घोडबंदरच्या किल्ल्यावर गेला, मग वसईला, आणि आता चिमाजी आप्पांच्या मोहिमेबद्दल मला शिकवतो. १७३७ ला ठाणे, १७३९ ला वसई, हे त्याला पाठ आहे. दार कुठूनही उघडो.

आवाजी
दार उघडल्यावर आत खरं काहीतरी असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पुतण्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याला विचारा, वसईच्या वेढ्यात पोर्तुगीज तटाखाली सुरुंग खणणाऱ्या माणसांबद्दल त्याला काय माहीत आहे. तिथून पुढचा प्रवास सुरू होईल.

कळवेकर
रुमाल उचलायला आलो.

सगळे पुणे, दिल्ली, लंडन करताय. ठाण्यातच केवढं पडलंय! आपला मध्यवर्ती तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ साली मराठे आले तेव्हा तो पुरता बांधूनही झाला नव्हता. मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला. त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन जखमी होऊन मेला. साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, कायमची इंग्रजांकडे राहिली ती १७८२ च्या सालबाईच्या तहाने. मी कळव्याच्या पुलावरून रोज जातो. ती भिंत रोज दिसते आणि आत जाता येत नाही, म्हणून रोज जीव हळहळतो.

आणि पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे! गायकवाडांचे वकील गंगाधर शास्त्री यांच्या खुनानंतर पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्यांना याच किल्ल्यात डांबलं आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी येत नाही. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच सुटकेचा बेत कळवायचा. एका भागाची ध्वनिमालिका इथेच तयार आहे. खराऱ्याचा आवाज, खाडीची भरती, गाणं.

पारसिक_हिल
आणि इथेच इतिहासकाराची कसोटी आहे. निसटले हे सरकारी कागदांत पक्कं आहे. गाण्याची गोष्ट बिशप हेबरने सांगितली, तो या भागात आला १८२५ साली. म्हणजे नऊ वर्षांनी, ऐकीव. मग ती सांगायची नाही का? जरूर सांगायची, पण ‘लोक असं सांगत होते’ म्हणून. नऊ वर्षांत लोकांनी त्याचं गाणं केलं, हीसुद्धा इतिहासातली घटनाच. ठाण्याच्या लोकांना तेव्हा काय आवडलं, कशाचा अभिमान वाटला, ते त्यातून दिसतं.

कळवेकर
पटलं. ‘लोक असं सांगत होते’ हे वाक्य आवाजात जास्तच छान वाटेल.

नेरूळची_सुगरण
मला इतिहासातलं फार कळत नाही, पण पदकाचं वाचून राहवलं नाही. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्यावर ओल्या खडूने गणितं करायचो. आता आठवलं की कसंतरी होतं. ती नावं कुठे मिळतील का?

पारसिक_हिल
ताई, मिळण्याची शक्यता बरीच आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी संगणकावर शोधता येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कामी आलेल्यांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे, तिथे ४० हजारांहून जास्त जणांची स्मृती आहे. पण त्या भिंतीवर गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे बहुतांश नुसते आकडे, पलटणीवार. याच अन्यायाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. शिपायांची नावं नोंदवह्यांत होती, ती आता शोधता येतात, काही ठिकाणी बापाचं नाव आणि गावासकट. इंग्रज कारकुनाने गावाचं नाव जसं ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे पाच-सहा प्रकारे लिहून बघा.

मासुंदाकाठ ताई, लेकीचे खापरपणजोबा परत आले असतील तर या यादीत नसतील. पण ११४ मराठाज ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तैग्रिसकाठी शरकतच्या लढाईत होती. तुर्कांशी तह झाला ३० ऑक्टोबरला, म्हणजे युद्ध संपता संपताची ही लढाई. ते तिथे होते का, हे लेकीने पलटणीच्या युद्धदैनंदिनीत शोधावं.

नेरूळची_सुगरण
तीन नावं सापडली! तिसऱ्या प्रकारे लिहिल्यावर गाव लागलं. एक आमच्या वाडीतलंच आडनाव आहे. आईला फोन केला, ती रडायलाच लागली.

मोडीवेडा
__/\__

ऐरोलीचा_मास्तर
सुगरण ताई, ती नावं मुख्याध्यापकांना कळवा. पाटीखाली मराठीत दुसरी पाटी लागू शकते. लागेल तो खर्च मी उचलतो.

खारघरचा_नाविक
दोन दिवस हा धागा वाचतो आहे. मासुंदाकाठ यांना विनंती, मुलीला माझ्याकडे पाठवा. मी जे पहिल्या प्रतिसादात लिहिलं ते मागे घेतो असं नाही, पण मी गेल्यावर गोदीतलं ते सांगणार कोण? माझी मुलं परदेशात, त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. येताना तिच्यासोबत तुम्हीही या. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.

मासुंदाकाठ *(तीन आठवड्यांनंतर)*
उशीर झाला, क्षमस्व. पण सांगण्यासारखं आहे.

आम्ही दोघी रविवारी खारघरला काकांकडे गेलो. काकूंनी आधी थालीपीठ खायला घातलं. मग लेकीने मोबाईल टेबलावर ठेवला. काका पहिली वीस मिनिटं बोटींचा वेग, इंधन, क्षेपणास्त्रांची संख्या हेच सांगत होते, एखादा अहवाल वाचावा तसं. ही सगळं लिहून घेत होती. मग तिने हळूच विचारलं, ‘आजोबा, त्या रात्री तुम्ही जेवलात काय?’

काका थांबले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पुरी-भाजी. कागदात बांधून आली होती. अंधार पाळायचा हुकूम होता, खिडक्यांना काळे कागद लावलेले. कोण कुणाच्या हातात पुडी देतंय ते दिसत नव्हतं. भाजीला मीठ नव्हतं आणि त्यावर कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. मग वरून ओरडा आला तसे गप्प झाले. कराचीचं त्यांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, विशीतल्या मुलासारखा. काकू म्हणाल्या, पन्नास वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकतेय.

घरी येऊन ऐकलं तर नेमकं त्याच जागी पंखा घरघरतोय आणि वर कुकरची शिट्टी. आवाजी ताईंना पाठवलं. त्या म्हणाल्या शिट्टी राहू दे, पंखा मात्र पुढच्या वेळी बंद कर आणि मोबाईलखाली घडी घातलेला टॉवेल ठेव.

यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण काल मास्तरांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला आणि एमएचा अर्ज भरायला स्वतः बसले. मोडीच्या वर्गाचीही चौकशी केली, स्वतःसाठीसुद्धा.

खारघरचा_नाविक
मुलगी चांगली आहे. मध्ये बोलत नाही. माझ्याबरोबर गोदीत असलेला एक मित्र नेरूळला असतो, त्याला कमी ऐकू येतं, पण त्या पुडीवर कोण काय बोललं ते त्याला नक्की आठवत असेल. येत्या रविवारी दहा वाजता नेरूळ स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी थांबतो. टॉवेल मी आणतो.